गुणाची पोर

"तिथं," गोदाक्का म्हणाली आणि बाभळीच्या काठीनं जागा दाखवली.

मी पाच महिन्यांची पोर घेऊन उभी होते. चार बल्ल्या, वर ताडपत्री, खाली पोत्यांची रांग आणि पोत्यांवर आठ-दहा लेकरं. हे सरकारी कामावरचं पाळणाघर. काठीचं टोक टेकलं होतं शेवटच्या बल्लीच्या पलीकडे, रांग संपल्यावर दोन हात जागा सोडून.

"तिथं ऊन येईल अक्का."

"आत्ता सावलीच हाय की. आन् आलं तर आलं. तुमच्या लेकरांना उन्हाचं काय गं कवतिक?"

जवळ उभ्या असलेल्या दोघी हसल्या. मी माझं पोतं अंथरलं. पोरीला निजवलं. चुंबळ डोक्यावर ठेवली, टोपलं उचललं आणि भरावावर गेले. काही बोलले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी बोलले ते आमच्या वस्तीत सगळ्यांना पाठ आहे. त्याआधी तीन आठवडे मी गप्प होते, ते कुणी सांगत नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. त्याआधी आम्ही उस्मानाबादचे. कागदावर जुनं नाव खोडून त्यावर लातूर लिहीत. साहेब नवे, जिपा नव्या. पाऊस मात्र दोन वर्षं नव्हता. देवणीकडची चांगली जनावरं छावणीला गेली आणि माणसं पाझर तलावाच्या कामावर. पुरुष खोदायचे, बाया माती वाहायच्या. माझा नवरा निजामाबादकडं विहिरीच्या कामाला गेलेला. दोन महिने त्याची खबर नव्हती. घरात डोळ्यानं अधू सासू, मी आणि ही पोर, विशाखा. कामावर गेले नाही तर त्या दिवशी चूल नाही. इतकं साधं होतं.

अंगावर पिणारी लेकरं असली की कामावर ती सांभाळायला एक बाई ठेवायची, असा सरकारचा नियम. मुकादमानं गोदाक्काला ठेवलं. ती पाटलाच्या भावकीतली, विधवा, गुडघ्यानं अधू. चांगल्या दिवसांत ती कधी आमच्या रांगेत उभी राहिली नव्हती. दुष्काळानं तिलाही सरकारी कामावर आणलं. त्याचाच तिला राग होता. पण दुष्काळावर काठी उगारता येत नाही. माझ्या पोरीवर येत होती.

ताडपत्रीची सावली एका जागी राहत नाही. सकाळी ती एका बाजूला पडते, दुपारी बरोबर खाली येते आणि मग दुसऱ्या अंगाला जाते. तिच्यामागं लेकरं सरकवावी लागतात. गोदाक्का पोत्याचं टोक धरून एकेक लेकरू ओढून घ्यायची. माझं पोतं तिथंच. मी भरावावर चढले की खाली सगळं दिसायचं. रांग सावलीत, आणि माझी पोर एकटी उन्हात.

मी पळत खाली यायची. पोतं ओढायची. पुन्हा पळत वर.

"ए, पाळी सोडून कुठं फिरायलीस?" मुकादम ओरडायचा. "तुझ्यामागं धा बाया खोळंबल्या."

"पोरगी उन्हात हाय दादा. अक्काला सांगा की जरा सरकवायला."

"अक्का तुझी सालदार हाय काय?"

गोदाक्का खालूनच सांगायची, "म्या हात लावणार न्हाई. आन् हिची पोर दिसभर भोंगा लावती. बाकीची लेकरं निजंनात. हिला घरी ठेव म्हणावं."

मुकादमानं मला बाजूला घेऊन बजावलं. पोर गप्प राहिली तर ठेव, नाहीतर उद्यापासून तूही येऊ नको.

घरी आले, सासूला सांगितलं, आता पोर कुठं ठेवू म्हणून विचारलं. तिनं चाचपडत कोनाड्यातली पत्र्याची डबी काढली. आत कागदाच्या पुडीत अफू होती.

"मोहरीएवढी दे दुधात. पोटभर निजंल. तुझ्या नवऱ्याला दिली, त्याच्या भावाला दिली. त्याबिगर आम्ही खुरपायला गेलो असतो का?"

मी दिली. कुणी माझा हात धरून दिली नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, अफू काय असते ते मला कळत होतं. तरी दिली.

विशाखा निजली. दुसऱ्या दिवशीही निजली. गोदाक्का म्हणाली, "आता कशी शहाण्यावानी हाय." आणि मला बरं वाटलं. सगळ्यात जास्त लाज मला ह्याचीच वाटते. त्या बाईनं माझ्या पोरीला चांगलं म्हटलं म्हणून मला बरं वाटलं. मुकादम गप्प झाला. मीही सारखी पळेनाशी झाले. सकाळी एकदा आणि भाकरीच्या सुट्टीत एकदा सरकवून यायची. मध्ये उन्हासाठी दोन काटक्या रोवून त्यावर धडपं टाकायची. ते वाऱ्यानं पडायचं. मी मनाशी म्हणायची, चटका लागला तर पोर रडेल, मग जाईन. रडणं मीच बंद केलं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण नाही आलं. डोक्यावर टोपलं असलं की डोकं मातीच्याच कामाचं राहतं.

मग पाहणीचा दिवस आला. लातूरहून मोठे साहेब येणार होते. मुकादमानं सकाळपासून धावपळ केली. दगडांना चुना लावला. ताडपत्रीखाली नव्या लुगड्याचा एक पाळणा बांधला. त्यात कुणाचंच लेकरू नव्हतं, तो दाखवायला होता. जिपेचा धुरळा दिसला तेव्हा त्यानं स्वतः माझ्या पोरीचं पोतं ओढून रांगेच्या मधोमध आणलं. सरकारला सगळे एकत्र दिसायला पाहिजेत म्हणून.

साहेबांबरोबर एक बाई होत्या. माणसांची गर्दी आणि धुरळा, सगळी लेकरं एकदम ओरडायला लागली. एक सोडून. त्या बाईंनी वाकून विशाखाला उचललं.

"किती गुणाची पोर आहे! अजिबात रडत नाही. छान सांभाळता हो मावशी तुम्ही."

आणि पोर सरळ गोदाक्काच्या मांडीवर ठेवली. फोटोवाला पुढं आला. गोदाक्कानं दोन्ही हात वर धरले होते, कोपरापासून, भाकरी थापताना कुणी बोलावलं तर धरतात तसे. पोर नुसती मांडीवर पडून होती. फोटो निघाला. त्यात गोदाक्का हसत असेल. मी तो कधी पाहिला नाही.

जिपा गेल्या. आम्हाला मुकादमानं लगेच कामाला लावलं. मी टोपलं घेऊन अर्ध्या भरावावर होते. तिथून पाहिलं. गोदाक्कानं मुकादमाला पोरीचं पोतं उघड्यावर, तिच्या जुन्या जागी टाकायला लावलं. पोरही त्यालाच मांडीवरून उचलून वर टाकायला लावली. मग गोदाक्का रांजणाकडं गेली. टँकरचं पाणी होतं ते, प्यायचं. बाईला दिवसाला दोन तांबे, आणि आम्हाला तेही वरून ओंजळीत. तिनं घागर भरली आणि स्वतःच्या मांडीवर ओतली. लुगडं भिजलं. हात कोपरापर्यंत धुतले. दुसरी घागर भरली, तीही ओतली. पाणी मातीत मुरलं, माझ्या पोरीपासून हातभर अंतरावर. पाच महिन्यांच्या पोरीला धुऊन काढायला दोन घागरी.

रांग चालत राहिली. मीही चालले. वर जाऊन टोपलं रिकामं केलं, खाली येऊन भरलं. दोन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला वरून पाहिलं तर ऊन पोरीच्या तोंडावर होतं आणि ती हलत नव्हती.

मी टोपलं टाकलं. भरल्या मातीचं, बायांच्या रांगेत. मागची, आमच्याच वस्तीतली कौसल्या त्यावर अडखळली. मी पळाले.

पोरीचा डावा गाल आणि डावा हात लाल झाला होता. कोपराजवळ फोड. डोळे अर्धे उघडे, ओठ कोरडे. तळपायावर चापट्या मारल्या. आवाज नाही. मी तिला उचलून रांजणाशी गेले.

"हात लावू नको!" गोदाक्का ओरडली. "ए, लावू नको हात!"

मी हात घातला. कोपरापर्यंत. तिनं जिथपर्यंत धुतला होता तिथपर्यंत. ओंजळीनं पोरीच्या डोक्यावर पाणी घातलं, तोंडावर घातलं, ओल्या बोटानं ओठ पुसले. मुकादम धावत आला.

"बाटीवलंस का पाणी? आता ह्या सगळ्या बाया काय पितील?"

मी म्हणाले, "हिनं मातीत वतलं ते."

त्यानं हात उगारला. मी तशीच उभी राहिले. पोर माझ्या कडेवर होती आणि मी तिच्या तोंडावर पाणी मारत राहिले. मग बऱ्याच वेळानं पोरीनं तोंड वाकडं केलं. बारीक आवाज आला, मग मोठा.

"आली का पुन्हा रडी?" गोदाक्का म्हणाली.

"व्हय," मी म्हणाले. "आता रोज रडंल. तुझ्या कानापाशी रडंल."

घरी जाऊन डबीतली पुडी चुलीत टाकली. सासू शिव्या देत राहिली.

दुसऱ्या दिवशी माझं पोतं मी ताडपत्रीच्या मधोमध टाकलं. वरच्या जातीच्या बायांनी आपापली लेकरं उचलली आणि भरावाच्या कडेला नेऊन ठेवली. मुकादम म्हणाला, हिला कामावरून काढतो. तेव्हा कौसल्यानं टोपलं खाली ठेवलं. मग आमच्या वस्तीच्या सगळ्याच बायांनी. काम अडलं आणि पुढची पाहणी जवळ होती. त्यानं मला काढलं नाही. तीन दिवस त्या एवढ्या मोठ्या ताडपत्रीखाली माझी विशाखा आणि कौसल्यानं आता घरून आणलेला तिचा पोरगा अशी दोनच लेकरं होती. चौथ्या दिवशी ऊन सोसवेना, तेव्हा एकेक पोतं परत आलं. कुणी चूक कबूल केली नाही. गोदाक्कानं शेवटपर्यंत माझ्या पोरीला हात लावला नाही. पोर रडली की मी रांग सोडून जायची. विचारायची नाही. मुकादम ओरडायचा. ओरडू दे.

लोक इथं गोष्ट थांबवतात. माझी इथं थांबत नाही.

विशाखाच्या कोपराला तो डाग राहिला. शाळेत कुणी विचारलं, लग्नात विचारलं, ती सांगायची, "गोदाक्कानं जाळलं." मी ऐकायची आणि मान हलवायची. वर्षानुवर्षं हलवली.

पुढं ती नर्स झाली, नांदेडला दवाखान्यात लागली. नवऱ्याची नोकरी परभणीकडं. तिचा मुलगा आठ महिन्यांचा, तिच्या ड्यूटीच्या वेळात पाळणाघरात. मी तेव्हा गावच्या शाळेत खिचडी शिजवत होते. चार दिवसांची सुट्टी काढून गेले होते. सकाळी ती कामाचे कपडे घालून तयार, लेकरू मांडीवर, आणि चमच्यात लाल औषध ओतत होती.

"खोकला कुठंय त्याला?" मी विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "खोकला न्हाई आई. पाळणाघरच्या ताई म्हणतात लई रडतो, बाकीची मुलं उठतात. हे दिलं की झोपतो."

"तू नर्स हाईस."

"मला माहीत हाय मी काय हाय! परवापासूनच देतेय. एवढंसंच देते."

एवढंसंच. मी तिच्या हातातली बाटली घेतली आणि मोरीत ओतली.

"आई! त्यांनी काढून टाकलं तर कुठं ठेवू मी ह्याला? तू सांभाळणार हाईस का? नोकरी सोडू?"

मीही हेच विचारलं होतं सासूला, त्या कोनाड्यापाशी. मी तिची बाही वर केली आणि डागावर बोट ठेवलं.

"हे एकट्या गोदाक्काचं काम न्हाई. तिनं तुला उन्हात टाकलं. पण उन्हात पडून तू रडली न्हाईस, कारण तुला गप मी केलं होतं. अफू घातली होती."

"तू?"

"म्या. माझ्या हातानं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग बाही खाली ओढली. लेकराला उचललं. मला घेऊन पाळणाघराकडं जायला रिक्षात बसली. अजूनही माझ्यासमोर आली की ती बाही खाली ओढते. ओढू दे. तिचा हक्क आहे. मी माफी मागितली नाही. मागून तो डाग जाणार नव्हता.

पाळणाघराच्या दारात त्या ताई उभ्या होत्या. लेकरानं त्यांना पाहूनच तोंड उघडलं.

"आज औषध दिलं नाही वाटतं?" त्या म्हणाल्या.

विशाखानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "न्हाई दिलं. उद्याही देणार न्हाई. ह्यो रडणार. का रडतो ते तुम्ही उठून बघायचं."

"आजी, सगळ्यांना असं कसं चालेल? बाकीची मुलं बघा, किती गुणाची आहेत."

मी आत पाहिलं. भिंतीकडेला पाच-सहा गाद्या, त्यावर लेकरं. पंखा चालू होता. सकाळच्या त्या वेळी एकही लेकरू हालत नव्हतं.

"गुणाची लेकरं म्या बघितलीत," मी म्हणाले. "ह्याला तसलं करायचं न्हाई."

विशाखानं लेकरू त्यांच्या हातात दिलं आणि ड्यूटीला गेली. मी गेले नाही. दाराबाहेरच्या पायरीवर बसले. आतून रडणं ऐकू येत होतं. ताई दोनदा बाहेर येऊन माझ्याकडं बघून गेल्या. मी उठले नाही. दुसऱ्या दिवशीही जाऊन बसले, तिसऱ्याही. माझ्या रक्ताचं लेकरू कुणाच्या सोयीसाठी पुन्हा गप्प होणार नाही. काढून टाकलं तर दुसरं दार बघू, त्याच्या पायरीवर बसू. पण ते रडेल. ज्याच्या कानाला त्रास होतो त्यानं उठावं आणि ऊन कुठं आलंय ते बघावं.