ब्राझीलचं हळदीचं गाणं

मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा समोरच्या बाईंनी सहज विचारलं, "तुमचं शिक्षण किती?" मी तोंड उघडायच्या आत माझ्या नवऱ्याने उत्तर दिलं, "दहावी." मग विषय दुसरीकडे गेला. पाहुणे गेल्यावर मी भांडी घासत होते. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला वाटलं, तुला बरं वाटेल." त्याचा हेतू चांगला होता, म्हणून मी भांडले नाही. पण नववीत असताना आईच्या आजारपणात माझी शाळा सुटली होती, आणि तीस वर्षांत त्याची लाज वाटावी असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. ते खोटं मला खरं करून टाकायचं होतं.

आमच्या नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर बालवाडी आहे. तिथल्या बाईंकडून कळलं की जवळच्या वटार गावात एक निवृत्त टीचर मोठ्या माणसांना दहावीसाठी शिकवतात. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आणि बाहेरून परीक्षा द्यायची. आठवड्यातून तीन दुपारी वर्ग, टीचरच्या घराच्या ओटीवर.

पहिल्या दिवशी मी बसने वटारला उतरले आणि विचारत विचारत त्या घरी पोचले. मागे केळीची बाग, पुढे विहीर, ओटीवर दोन लांब बाकडी. पाच-सहा बायका आणि एक रिक्षावाले काका आधीच येऊन बसले होते. त्यांत एक ओळखीचा चेहरा दिसला आणि मी पायरीवरच थांबले. ती माझी मासेवाली होती.

वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यातली ही मावशी सकाळी आमच्या बाजारात बसते. तिच्याकडून मी किमान बारा वर्षं मासे घेतले असतील. पापलेट दाबून बघायचं, कल्ले उघडून बघायचे, "कालचा आहे का गं मावशी?" म्हणून तिला चिडवायचं, तिनं मला दोन शब्द सुनवायचे, असं आमचं चालायचं. तिचं वय तेव्हा सत्तावन्न. बाजार उरकून, टोपली ओळखीच्या दुकानात ठेवून, हातपाय धुऊन आणि साडी बदलून ती तिथे आली होती. मांडीवर वही होती.

"ताई, तुमी हितं?" ती म्हणाली.

"मावशी, तुम्ही?" मी म्हणाले. बाजारात मी तिला 'अगं' म्हणायचे. इथे तोंडातून आपोआप 'तुम्ही' आलं.

तिच्या ते लगेच लक्षात आलं. सरकून जागा करत ती म्हणाली, "तूच म्हन. बाकावर बसल्यावर काय परकी झाले का मी?"

टीचर अडुसष्ट वर्षांच्या, अंगाने बारीक, आवाज मात्र चाळीस मुलांच्या वर्गाला पुरणारा. आम्हाला शिकवताना त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी स्वच्छ असे, आणि मध्येच मागे वळून बागेत काम करणाऱ्या बहिणीशी त्या घरच्या बोलीत बोलू लागत, तेव्हा मला त्यातलं निम्मंसुद्धा कळत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना विचारलं, "का शिकायचंय?" रिक्षावाले काका म्हणाले, पगाराची नोकरी मिळते आहे पण दहावी पाहिजे. मी नवऱ्याचं खोटं सांगितलं नाही. "राहून गेलं होतं," एवढंच म्हणाले. मावशी म्हणाली, "मला गानी लिवायची हायेत."

मग तिने सांगितलं. तिच्या गावात लग्नाच्या हळदीला ती गाणी म्हणते. जुनी म्हणतेच, पण तिचा खरा शौक नवी रचण्याचा. नवरी कोण, नवरा कोणत्या बोटीवर जातो, सासू कशी, हे सगळं ऐकून घ्यायचं आणि त्या घरासाठी वेगळं गाणं बांधायचं. असं ती वीस-पंचवीस वर्षं करत आली होती. हे गाणं एका रात्रीचं, दुसऱ्या दिवशी तिच्यासुद्धा लक्षात राहत नसे. "पोरी मोबाईलमध्ये घेतात," ती म्हणाली, "पन मोबाईल बदलला की गानं गेलं. सातवीपर्यंत गेले होते शालेत, पन हात चालत नाय. एक ओल लिवेपर्यंत पुढल्या चार ओली डोक्यातनं जातात."

"मग लिहायला शिका. त्यासाठी दहावी कशाला?" रिक्षावाले काकांनी विचारलं.

"परीक्षा आसली तरच मी लिवीन," ती म्हणाली. "नायतर बसून ऱ्हाईन."

सुरुवातीचे दोन महिने मी वर्गात हुशार ठरले. माझं अक्षर बरं, वाचण्याचा सराव होता, मुलीचा अभ्यास मी घेतला होता. मावशीला एक परिच्छेद उतरवायला अर्धा तास लागायचा. पेन ती मासे कापायच्या सुरीसारखं घट्ट धरायची, आणि कागदाला मागून फुगवटे यायचे. मी मनातल्या मनात तिची कीव करायचे, हे आज कबूल करते. तिला मदत करावी म्हणून मी तिच्या शेजारी बसत असे, आणि आपण किती चांगल्या आहोत असं मला वाटत असे.

मग टीचरनी भूगोल सुरू केला. दहावीच्या भूगोलात भारताबरोबर ब्राझील आहे. हवामान, नद्या, प्राकृतिक रचना, वनस्पती, सगळी तुलना. माझ्या डोक्यात काही राहीना. अजंठ्याच्या डोंगररांगा आणि ब्राझीलचं उच्चभूमीचं पठार यांची सरमिसळ व्हायची. मी रात्रंदिवस घोकत होते आणि ओटीवर टीचरनी विचारलं की गप्प व्हायचे. एका गुरुवारी त्यांनी ॲमेझॉनविषयी प्रश्न विचारला. मी मान खाली घातली. मावशीने हात वर केला आणि म्हणाली, "म्हनून दाखवू का?"

टीचरना वाटलं उत्तर म्हणून दाखवेल. मावशीने डोळे मिटले, मांडीवर दोन थापा मारल्या आणि हळदीच्या चालीवर सुरू केलं:

ॲमेझॉन बाय निघाली गो सासरला,
हिरव्या शालूचा पदर लांब पसरला,
अँडीज बापूस डोले पुसत ऱ्हायला,
अटलांटिक दर्यानं हात पुढं केला.

अशी नऊ-दहा कडवी होती. उपनद्या करवल्या होऊन आल्या. विषुववृत्तावर रोज पाऊस का पडतो ते वऱ्हाडाला पाणी वाढण्याच्या कडव्यात होतं. ईशान्येचा अवर्षणाचा प्रदेश म्हणजे आमंत्रण न मिळालेली रुसलेली आत्या. बागेतून टीचरची बहीण हातात विळा घेऊन ओटीपाशी येऊन उभी राहिली. गाणं संपलं. टीचरनी पुस्तक उघडलं, पानावर बोट ठेवून एकेक मुद्दा तपासला आणि म्हणाल्या, "एकही सुटलेला नाही." मग पुस्तक मिटून म्हणाल्या, "मी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला."

माझ्या मनातली कीव त्या दिवशी गेली. तिच्या जागी जे आलं त्याला सुरुवातीला थोडी असूयेची धार होती, ती नंतर बोथट झाली. मी घरी येऊन भाकऱ्या थापताना ते गाणं गुणगुणू लागले, आणि ब्राझील माझ्या डोक्यात बसला.

त्यानंतर मावशी एकामागून एक गाणी बांधत गेली. काटकोन त्रिकोणातला कर्ण तिच्या गाण्यात नवरदेव होऊन बसला. मराठीच्या पुस्तकातल्या संतवाणीला नवं गाणं बांधायची गरजच नव्हती, ती तिला चालीसकट यायची. मी ती गाणी उतरवून घेऊ लागले. पण एका दिवशी तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "नगं. मीच लिवनार. उशीर होईल, होऊंदे." आणि खरंच, ती बसून राहिली, बस चुकली, तरी तिने नऊ कडवी स्वतःच्या हाताने पूर्ण केली. वेलांट्या चुकल्या होत्या, पण गाणं अख्खं होतं. पान मला दाखवून ती लिहून आखडलेली बोटं मोडू लागली.

परीक्षेचं केंद्र विरारच्या एका शाळेत आलं. आमच्या दोघींचे नंबर एकाच वर्गात, ती माझ्या पुढे दोन बाकं. बाकीची सगळी सोळा-सतरा वर्षांची मुलं. मराठी, हिंदी नीट गेले. भूगोलाच्या दिवशी पेपर सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, वर्गात बारीक गुणगुण ऐकू यायला लागली. मला चाल लगेच ओळखू आली. मुलं इकडेतिकडे बघायला लागली, दोघं-तिघं हसली.

पर्यवेक्षक बाई तरुण होत्या. त्या तिच्या बाकापाशी आल्या. "आजी, आवाज करता येणार नाही. बाकीच्यांना त्रास होतो."

"चुकलं बाय," मावशी म्हणाली आणि गप्प झाली.

मी माझा पेपर लिहीत होते, पण लक्ष सगळं पुढे. तिचं पेन थांबलं ते थांबलंच. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ती उत्तरपत्रिकेकडे बघत होती आणि तिची पाठ बाजारात भांडताना होत असे तशी ताठ झाली होती. मला वाटलं, आता ही उठेल आणि निघून जाईल. मलाच रडू यायला लागलं. तेवढ्यात तिने हात वर केला. बाई पुन्हा आल्या.

"बाय, ओठ हलवले तर चालंल का? आवाज नाय करनार. गान्याशिवाय मला आठवत नाय."

बाईंना ते पहिल्यांदा समजलंच नाही. मावशीने हळूच दोन शब्दांत समजावलं. मग बाई म्हणाल्या, "ओठ हलवायला कोणताच नियम आड येत नाही." पुढे त्यांनी आणखी एक केलं. मागच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या बाकावर तिला बसवलं, म्हणजे मुलांचं लक्ष जाणार नाही. माझ्या बाकाजवळून जाताना मावशीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आधीच गाण्यात होती. वेळ संपेपर्यंत मला मागून पेनाचा तो कागद खरवडल्यासारखा आवाज ऐकू येत राहिला.

निकाल लागला. मी पास झाले. रिक्षावाले काकाही झाले. मावशीचे इंग्रजी आणि गणित हे दोन विषय राहिले. भूगोलात तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त गुण होते, पण त्या दिवशी त्याचं कुणी काय करणार? ती दोन दिवस बाजाराला आली नाही. तिसऱ्या दिवशी मी गेले तर जागेवर होती. मी नेहमीसारखं पापलेट दाबून बघायला लागले.

तीच म्हणाली, "परत बसनार हाय. जुलैला आसते म्हनाल्या टीचर. तू येशील का वटारला? गनित मला कलतं, पन इंग्रजीची चाल सापडत नाय."

मी गेले. पास झाल्यावरही महिनाभर त्या बाकड्यावर बसले. तिला इंग्रजी वाक्याची चाल सापडत नव्हती, कारण कुठला शब्द जोरात म्हणायचा हेच तिला माहीत नव्हतं. मी मोठ्याने वाचायचे, ती मांडीवर ताल धरायची, मला थांबवायची, "परत म्हन," आणि मग तेच वाक्य माझ्यापेक्षा नीट म्हणून दाखवायची. शिकवता शिकवता माझंच इंग्रजी सुधारलं. गणितात मात्र मी तिला काही मदत केली नाही. ते तिने टीचरबरोबर, रोज दोन दोन उदाहरणं करून, निव्वळ चिकाटीने काढलं. जुलैच्या परीक्षेत ती दोन्ही विषयांत पास झाली. इंग्रजीत अगदी काठावर. गुणपत्रिका तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाजारात आणली आणि पहिल्यांदा मला दाखवली, मग शेजारच्या सगळ्या मासेवाल्यांना.

आता मी बारावीची तयारी करते आहे. मुलीच्या सासूबाईंना मी स्वतः सगळं सांगितलं, नवऱ्याच्या खोट्यासकट. त्या हसल्या आणि म्हणाल्या, त्यांनाही कधीतरी शिलाईचा कोर्स करायचाय.

मावशी पुढे शिकणार नाही. मी खूप मागे लागले, टीचरनीही सांगून पाहिलं. "मला पायजे होतं तेवढं झालं," ती म्हणते. तिच्याकडे आता दोन जाड वह्या आहेत आणि तिसरी सुरू आहे. गावातल्या एका म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या बाईकडे जाऊन ती तिच्या आठवणीतली जुनी गाणी उतरवून घेते. परवा मावशीच्या घरी गेले तेव्हा तिने वह्या दाखवल्या. अक्षर अजून मोठं आणि दाबून काढलेलं आहे. वेलांट्या अधूनमधून चुकतात. मी एक सुधारायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊंदे. म्हातारी तसंच म्हनते."

टीचरच्या ओटीवर यंदा नवीन नऊ बायका आल्या आहेत. भूगोल आला की टीचर मावशीला फोन करतात. ती बाजारातून थेट जाते, बाकड्यावर न बसता पायरीवर बसते आणि गाण्याआधी त्या बायकांना टाळीचा ठेका कसा धरायचा ते शिकवते.