मालकांची म्हैस आणि पडीक डिस्क

शिरोलीच्या आमच्या फाउंड्रीत कॉम्प्युटर दुरुस्तीला एक जण यायचा. चपला दाराबाहेर काढायचा, गुराच्या पाठीवर मारावी तशी कॉम्प्युटरच्या डब्यावर थाप मारायचा आणि मगच खुर्चीत बसायचा.

जुन्या कॉम्प्युटरवर जागा उरली नाही म्हणून एकदा त्याला बोलावलं. तो येण्याआधी मी हुशारी केली. दिवाळी पाडव्याला सजवलेल्या म्हशीचे फोटो मालकांनी त्यात हौसेनं ठेवले होते. ते मी कायमचे पुसून टाकले.

त्यानं तपासलं आणि तो हसला. "काका, निम्मी डिस्क पडीक हाय की. बसवणाऱ्यानं नांगरच घातला न्हाय." तासाभरात त्यानं ती जागा वापरात आणली.

तेवढ्यात मालक आले. "माझी म्हैस कुठं गेली?"

मी गुपचूप त्याच्याकडे बोट केलं. माझी निवृत्ती वर्षावर आलीय, हे त्याला ठाऊक होतं. तो मालकांकडे वळून म्हणाला, "माझ्या हातनं गेली, मालक."

मालकांनी त्याला कारखाना बंद केला.

पाडव्याला तो कॅमेरा घेऊन मालकांच्या गल्लीत हजर झाला आणि त्यानं रंगवलेल्या शिंगांसकट म्हशीचे चाळीस फोटो काढले. मालक विरघळले, त्याचं काम परत सुरू झालं. ते फोटो नव्या जागेत भरताना तो हळूच म्हणाला, "काका, लई रान मोकळं हाय. आता हिला हाकलू नगासा."

अजूनही रस्त्यात भेटला की तो माझ्याआधी म्हशीची खुशाली विचारतो. मालक, म्हैस मी पुसली होती.