दाराला लावलेली ट्रंक

मसुरीला एक भला माणूस पहाटे आम्हाला हिमालय दाखवायला आला होता आणि मी आतून दाराला ट्रंक लावून बसले होते. नातवंडांना मी इतकी वर्षं बर्फाच्या शिखरांचं रसभरीत वर्णन करून सांगत आले, त्यातलं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं काहीच नाही. मी पाहिली ती ट्रंक. हिरवी होती, आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात आमचं गाव लिहिलं होतं, बेलापूर.

बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. नगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तर त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, "आदी मला हिमालय बघू द्या. मंग काय कापायचं ते कापा." कुठल्याशा कीर्तनात त्यांनी कैलासाचं वर्णन ऐकलं होतं, ते डोक्यात बसलेलं. त्यांना वाटत होतं, ऑपरेशन फसलं तर निदान तेवढं तरी पाहिलेलं असावं. ऊस कारखान्याला गेल्यावर ह्यांनी आम्हा दोघींना गाडीत बसवलं. मनमाडला गाडी बदलली, दिल्लीला बदलली, आणि डेहराडूनहून बसने वळणं घेत, ओकाऱ्या काढत वर पोचलो.

मी तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर होते आणि जगात आपल्याइतकं हुशार कुणी नाही अशी माझी खात्री होती. हॉटेलच्या खोलीत पाऊल टाकल्याबरोबर मी उश्या दाबून पाहिल्या, पलंगाखाली वाकून पाहिलं. मोरीला मागच्या बाजूने एक वीतभर खिडकी होती. कुणी डोकावेल म्हणून मी तिच्यात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला. खिडकीखाली सरळ दरी होती. डोकावायचं म्हटलं तर घारीलाच जमलं असतं. पण घारीचाही भरवसा मला नव्हता.

केम्प्टीचा धबधबा पाहायला गेलो तेव्हा लोक पाण्यात नाचत होते आणि मी वरच्या कड्याकडे मान करून उभी. भर उन्हाळ्यात एवढं पाणी फुकट कोण वाहू देईल? वर कुणीतरी फळी उचलून बसला असणार आणि लोक पांगले की पाणी बंद करत असणार. मी ह्यांना तसं सांगितलं. हे म्हणाले, तू वर जाऊन बघून ये. मी जाणारही होते, चढ पाहून राहिले.

टेकडीवर एक दुर्बीणवाला होता. मी आधी डोळा लावला. आत नुसतं पांढरं धूसर. मी सासूबाईंचा हात धरून मागे ओढलं आणि सांगितलं, "आत्याबाई, काही बघू नका. मेल्याने काचेला चुना फासलाय." त्या दुर्बिणीकडे वळून वळून पाहत माझ्यामागे आल्या.

खरी गोष्ट अशी की हवेत धूळ होती आणि शिखरं दिसतच नव्हती. हॉटेलचे मालक म्हातारे सरदारजी होते. ते रोज ह्यांना सांगायचे की पाऊस पडला की पहाटे बर्फ उघडं पडेल, घटकाभर राहील, मी स्वतः उठवीन. हे तसं आम्हाला सांगायचे. सासूबाई रोज अंधारातच उठून लुगडं नेसून तयार बसायच्या. मी मनात म्हणायचे, गिऱ्हाइकाला आणखी एक दिवस ठेवून घ्यायची ही युक्ती.

शेवटी परतीच्या गाडीची सोय करायला हे खाली डेहराडूनला गेले. दुपारनंतर गारांचा पाऊस झाला आणि ते तिकडेच अडकले. खोलीत आम्ही दोघी बायका.

पहाटे दारावर थाप पडली. सरदारजी बाहेरून घाईघाईने सांगत होते की माताजींना घेऊन लवकर गच्चीवर या, सगळं उघडलंय, फार वेळ राहणार नाही.

आता माझ्या माहेरचं सांगते, म्हणजे मी इतकी येडी का होते ते कळेल. आमच्या भागात पाटाचं पाणी पाळीने मिळतं. आमची पाळी असली की पहाटे कुणीतरी दाराशी येऊन ओरडायचं, पळा, तुमचा वरचा बांध फुटला. वडील तिकडे पळाले की इकडे पाणी दुसऱ्याच्या उसात. असा एक फड आमचा वाळून गेला होता. तेव्हापासून अंधारात येऊन घाई करणाऱ्याला दार उघडायचं नाही, असं आम्हा भावंडांच्या डोक्यात ठोकून बसवलेलं. त्यात हे जवळ नसताना नेमकी आजच बरी शिखरं उघडली.

मी ट्रंक ओढून दाराला लावली आणि तिच्यावर बसले.

"कोन हाय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"दूधवाला," मी म्हटलं. "दार चुकला."

त्या मोरीत गेल्या. बाहेर जिन्यावर पावलं वाजायला लागली, पुष्कळ पावलं. मला वाटलं, मेले टोळीने आलेत. मी ट्रंकेच्या कड्या घट्ट धरल्या. सासूबाई बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. गारठा बाधला असेल, म्हणून मी हाकही मारली नाही.

चांगलं उजाडल्यावर मी दार किलकिलं केलं. गच्चीवरून मंडळी उतरत होती. एक गुजराती बाई डोळे पुसत होती. सरदारजींनी हात जोडून विचारलं की माताजींची तब्येत बरी नाही का. मी धावत वर गेले. समोर नुसते ढग.

हे दुपारी आले ते त्याच संध्याकाळच्या गाडीची तिकिटं घेऊन. सगळ्या वाटेत मी ट्रंकेकडे पाठ करून बसले. सासूबाई मात्र खिडकीशी बसून गुणगुणत होत्या. मला त्या गुणगुणण्याचाही संशय आला.

घरी आल्यावर आळीतल्या बाया जमल्या. सासूबाई सांगायला लागल्या, आधी टोकाला तांबडं लागलं, तापलेल्या तव्याच्या कडेला लागतं तसं, मग सगळा डोंगर पांढराफेक. माझी अब्रू झाकायला म्हातारी बिचारी रचून सांगतेय, असं मला वाटलं. पण बाया गेल्यावर त्या ह्यांना म्हणाल्या, चल, आता मला नगरला ने, त्या डॉक्टरकडे.

मग मला राहवेना. चुलीपुढे मी सगळं ओकले. थाप, सरदारजी, ट्रंक, खोटा दूधवाला. म्हटलं, आत्याबाई, तुमचा हिमालय माझ्यामुळे राहिला, पुढल्या उन्हाळ्यात परत जाऊ, तोवर डोळ्याला हात लावू देऊ नका.

सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "मोरीतला तुझा बोळा काडला मी, सूनबाई, अन् पोटभर बघितला. तुला हाक मारनार हुते. पर तू म्हनली असतीस, कुनीतरी चुना फासलाय."