मेन बंद करा, नदाफभाई

राजशेखर हत्तुरे सरांनी बंदेनवाज नदाफला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो वर्गाच्या छताला लोंबकळत होता. हा प्रसंग सांगताना सर दर वेळी छताची उंची फूटभर वाढवतात, त्यामुळे सात रस्ता चौकातल्या कुठल्याही इमारतीला झेपणार नाही इतकं ते छत आता उंच झालं आहे. बाकावर टेबल, टेबलावर स्टूल, स्टुलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि डब्यावर बंदेनवाज. उजव्या हातात पंख्याची उघडी वायर, पाठीमागे धरलेल्या डाव्या हातात चहाचा ग्लास, दातांत टेस्टर. भिंतीवरचं पंख्याचं बटण चालू. सरांच्या हातून हजेरी गळून पडली आणि डोक्यावरचे केस ताठ उभे राहिले. ते अजून बसलेले नाहीत, असं सरांची बायको सिद्धेश्वरी सांगते.

"कोण आहे तो? आधी मेन बंद करा. कोणीतरी मेन बंद करा."

"झालं की सर," दातांतला टेस्टर न काढता वरून उत्तर आलं. "कंडेन्सर गेलता. बसवला."

पंखा त्याच्या कानाला वारा घालत गरगर फिरू लागला. गेले आठ महिने तो पंखा म्हातारा बैल फिरावा तसा फिरत होता. आता त्यानं हजेरीची सगळी पानं खिडकीतून बाहेर पाठवली, त्यातली काही म्हणे अक्कलकोट रोडला सापडली. बंदेनवाज डब्यावरून स्टुलावर, स्टुलावरून टेबलावर असा जिना उतरल्यासारखा खाली आला, उरलेला चहा संपवला आणि म्हणाला, "ॲडमिशन घ्यायचं होतं."

सरांना वाटलं, मुलाचं. तसं विचारलंही.

"न्हाय, माझंच."

वय बावन्न, शिक्षण सातवीपर्यंत, धंदा वायरमनचा. तीस वर्षं.

हत्तुरे सरांचा क्लास एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर आहे. तारतंत्री परीक्षेची, म्हणजे वायरमनच्या परमिटच्या परीक्षेची, तयारी तिथे करून घेतात. समोर बसणाऱ्यांना विजेतलं काहीच येत नाही, याची सरांना वीस वर्षांची सवय. त्यांच्या सगळ्या वह्या, सगळे विनोद आणि सगळा आत्मविश्वास याच पायावर उभा होता. आता पहिल्याच बाकावर एक असा माणूस येऊन बसला, ज्याला सगळं येत होतं आणि काहीच सांगता येत नव्हतं.

बंदेनवाज शिकला तो यंत्रमागाच्या शेडमध्ये, शाकीर उस्तादांच्या हाताखाली. त्या शेडचा मालक ईश्वरप्पा. माग बंद पडला की ईश्वरप्पांचं तोंड सुरू व्हायचं, आणि ते बंद करायचं बटण कोणालाच सापडलं नव्हतं. मग उस्तादांनी रीतच अशी बसवली की मेन कधी बंद करायचं नाही. चालू लाइनवर काम करायचं. कोरडं लाकडी स्टूल, पायात रबरी चप्पल, डावा हात कायम पाठीमागे. दोन्ही हात पुढे आले की वीज या हातातून शिरून छातीवरून त्या हातात जाते, म्हणून एकाच हातानं सगळं करायचं. बंदेनवाज या रीतीत इतका मुरला की घरी लिंबू पिळतानासुद्धा त्याचा डावा हात पाठीमागे जायचा. तीस वर्षांत त्याला म्हणण्यासारखे चार शॉक बसले. त्यांच्या तारखा त्याला मुलींच्या वाढदिवसांपेक्षा पक्क्या पाठ होत्या.

निम्म्या शहराचं वायरिंग त्याच्या हातचं. पण वायरिंग पुरं झाल्यावर जो टेस्ट रिपोर्ट निघतो, त्यात काम केलेल्या वायरमनचं नाव आणि परमिट नंबर असा एक रकाना असतो. त्याच्याकडे परमिट नसल्यानं त्या रकान्यात आजवर नेहमी दुसऱ्याच कोणाचं तरी नाव पडलं होतं. त्यानं मनाला लावून घेतलं नव्हतं. आता मात्र सीमेवरच्या त्याच्या गावी, मैंदर्गीला, शाळेच्या पाच नव्या खोल्या बांधल्या जात होत्या. सातवी नापास होऊन तो ज्या शाळेतून बाहेर पडला होता, तीच ही शाळा. वायरिंगचं काम त्याच्याकडे आलं होतं.

"त्या एका कागदावर माझं नाव पायजे सर," तो म्हणाला. "बाकीचे सगळे दुसऱ्याचे राहू द्या."

सर विरघळले. तो दिवस त्यांना पुढे चार महिने नडला.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्यांचा हुकमी धडा काढला. वीस वर्षं हा धडा ऐकून पोरांचे चेहरे उजळत आले होते.

"वीज म्हणजे पाणी समजा. टाकी उंचावर असली की पाण्याला दाब येतो. तो दाब म्हणजे व्होल्टेज. पाइपातून वाहतं ते पाणी म्हणजे करंट. पाइप बारीक असला तर पाणी अडतं, तो रेझिस्टन्स. आता सांगा, नळ उघडला की काय होतं?"

"कुटल्या वारी?" बंदेनवाजनं विचारलं.

"वार कशाला पाहिजे?"

"आमच्याकडं पाचव्या दिवशी येतंय पाणी. आज उघडला तर कायबी होत न्हाय."

"आज पाणी आलंय असं समजा."

"मग आधी हवा येतीय. फुस्स करून. दाब लई असतोय, पाणी नसतंय. तर व्होल्टेज हाय आणि करंट न्हाय, असं व्हायला पायजे का नको?"

तसं होतंच, सर्किट तुटलेलं असलं की तसंच होतं, हे सरांच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून बिरुदेव नावाचा पोरगा म्हणाला, आमच्या गल्लीत सगळेच नळाला मोटर लावतात, मग दाब कोणाचा धरायचा. त्यावर तिसऱ्यानं शेजाऱ्याच्या मोटरची तक्रार मांडली. पाऊण तास वर्गात फक्त पाणी चाललं, वीज कोणाला आठवली नाही. सर चिडले की कन्नडमध्ये चिडत, म्हणजे कोणाला कळत नसे आणि त्यांनाही मोकळं वाटे. त्या दिवशी फळ्याकडे तोंड करून ते पुटपुटले, "इवरिगे याव भाषादाग हेळली?" म्हणजे, यांना कुठल्या भाषेत सांगू?

"कन्नडमधीच सांगा की सर," बंदेनवाज म्हणाला. "मैंदर्गीचा हाय मी, मला चालतंय."

म्हणजे चिडायची ती एक जागाही गेली.

गणिताची गत याहून वाईट. सरांनी फळ्यावर लिहिलं: व्होल्टेज दोनशे तीस, रेझिस्टन्स शेहेचाळीस ओहम, करंट किती?

"वस्तू काय हाय ती?" बंदेनवाज.

"वस्तूचा संबंध नाही. गणित आहे."

"तरी पण. इस्त्री असंल की न्हाई?"

"असेल इस्त्री."

"मग पाच ॲम्पिअर."

उत्तर बरोबर होतं. बाकीचा वर्ग अजून वहीचं पान उलटत होता.

"रीत कुठे आहे? दोनशे तीस भागिले शेहेचाळीस, असं लिहिलं पाहिजे. नुसत्या उत्तराला मार्क देत नाहीत."

"पण सर, इस्त्रीला पाचच लागतंय. भागलं तरी आणि न्हाय भागलं तरी."

सरांनी खडू ठेवला, खाली बेकरीत जाऊन दोन खारी खाल्ल्या आणि पुन्हा वर आले. नदाफभाईंना रीत लिहायला शिकवण्यात दीड महिना गेला. त्या काळात सरांचं वजन दोन किलोंनी वाढलं, सगळं खारीचं.

पण खरी लढाई मेन स्विचची होती. सरावाच्या बोर्डावर बंदेनवाजचा हात असा चालायचा की बाकीची पोरं आपलं काम सोडून बघत बसत. वायर कशी सोलावी, स्क्रूखाली कुठल्या अंगानं वळवावी, सगळं देखणं. आणि सगळं चालू लाइनवर, डावा हात पाठीमागे.

"मेन बंद करा, नदाफभाई."

"व्हय की, विसरलो."

दहा मिनिटांनी पुन्हा तेच. सरांनी मेनवर लाल अक्षरात पाटी लावली. दोनच दिवसांत बंदेनवाज त्या पाटीच्या खिळ्याला पिशवी अडकवू लागला. सरांनी समजावलं, धाक घातला, शॉकनं गेलेल्या तीन माणसांच्या गोष्टी सांगितल्या. तिघांतले दोघे त्याच्या ओळखीचे निघाले, आणि त्यांची चूक काय झाली होती हे त्यानं सरांनाच नीट समजावून दिलं. शेवटी सर म्हणाले, "माझं ऐकू नका. परीक्षेचं ऐका. पहिलं मेन बंद करणं, मग टेस्टर लावून लाइन गेलीय का बघणं, मग काम. पहिलं चुकलं की पुढचं कोणी बघत नाही."

मग सरांनी त्याच्या बायकोला, रुक्सानाभाभींना, हाताशी धरलं. भाभींनी घरात शाळा मांडली. त्या भाकरी थापता थापता विचारायच्या, "पहिलं काय?" हा बाहेरून ओरडायचा, "मेन बंद." महिन्याभरात गुण दिसला. भाभींचा सरांना फोन आला, "सर, आता बास करा. बल्ब बदलायचा म्हटलं तरी घराचं मेन बंद करून बसतात. काल शेजारच्यांचंबी करून आले."

सरांना इतका आनंद चार महिन्यांत झाला नव्हता. त्यांनी बेकरीतून सगळ्या वर्गाला क्रीमरोल मागवले.

परीक्षा मे महिन्यात होती. लेखी पेपरात बंदेनवाजनं प्रत्येक गणिताला रीत लिहिली. एका गणिताखाली तर त्यानं 'ही वस्तू बहुतेक गिझर असावी' अशी टीपही जोडली. प्रात्यक्षिक एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये होतं. बाहेर त्रेचाळीस अंश, आत किती ते मोजायची कोणाची हिंमत नव्हती. परीक्षक अकलूजकडून आलेले, अंगानं भरलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेले गृहस्थ होते. बंदेनवाजला चार नंबरचा बोर्ड आला. काम जिन्याच्या दिव्याचं, एक बल्ब आणि दोन बटणं, खालूनही लागला पाहिजे आणि वरूनही विझला पाहिजे. हे काम तो झोपेत करू शकला असता. आत यायची परवानगी नसल्यानं सर व्हरांड्यात खिडकीच्या गजांना धरून उभे होते.

"मेन बंद केलं सर," बंदेनवाजनं मोठ्यानं सांगितलं आणि मेन बंद केलं. टेस्टर लावून लाइन गेल्याची खात्री केली. परीक्षकांनी मान डोलावून टिक केली. खिडकीबाहेर सरांनी डोळे पुसले.

पण त्या शेडचं वायरिंग कधीकाळी कोणीतरी जमेल तसं केलं होतं. परीक्षकांच्या डोक्यावरचा पंखा चार नंबरच्या बोर्डावर जोडलेला होता. मेन पडलं तसा पंखाही थांबला. बंदेनवाजच्या लक्षात ते पहिल्या क्षणी आलं, परीक्षकांच्या आलं नाही. त्यांना फक्त उकडू लागलं. त्यांनी गळ्याचं बटण सोडलं. रुमाल काढला. मग प्रश्नपत्रिकेनं वारा घेऊ लागले. बंदेनवाज वायर सोलता सोलता एकदा त्यांच्याकडे बघायचा, एकदा थांबलेल्या पंख्याकडे. तीस वर्षं त्याच्या कामापायी कोणाचा पंखा बंद पडला नव्हता. ईश्वरप्पांचा नाही, कोणाचाच नाही.

सरांना खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. त्या पाठीत काहीतरी हललेलं त्यांना कळलं. ते गजातून कुजबुजले, "नको."

बंदेनवाज दोन पावलं सरकला आणि त्यानं मेन चालू केलं.

पंखा फिरला. परीक्षकांनी सुखानं डोळे मिटले. बंदेनवाजनं डावा हात पाठीमागे घेतला आणि उरलेलं काम चालू लाइनवर सुरू केलं. सर हातवारे करू लागले, खाली, खाली, बंद. बंदेनवाजचं लक्ष गेलं तेव्हा त्यानं, काळजी करू नका, वेळेत होतंय, अशी मान हलवली. आणि झालंही. चाळीस मिनिटांचं काम अकरा मिनिटांत, बल्ब खालून लागला, वरून विझला, एकही वायर वाकडी नाही.

परीक्षकांनी डोळे उघडले. वर पंख्याकडे पाहिलं, मग बोर्डाकडे.

"मेन कोणी चालू केलं?"

"मीच सर."

"कधी?"

"आपल्याला घाम आला तवा."

"म्हणजे हे सगळं तुम्ही चालू लाइनवर केलंत?"

"एका हातानं केलं सर," बंदेनवाजनं खुलासा केला. आपलं काही चुकलं असेल, असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. परीक्षकांनी त्याच पंख्याखाली बसून कागदावर एक आडवी रेघ मारली.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली सरांनी त्याला गाठलं. त्यांना मराठी सुचेना, कन्नडही सुचेना.

"का?" एवढंच ते म्हणाले. "चार महिने, नदाफभाई. का?"

"पाव्हणा माणूस सर. अकलूजवरनं आलाय. त्याला उकाड्यात बसवून आपण काम करत बसायचं, बरं दिसतंय का?"

"ते पाहुणे नव्हते. ते परीक्षक होते. आणि ते तुमचं घर नव्हतं."

"जितं काम चालू असतंय तितं घरच की आपलं."

"तुम्ही मेला असतात तर?"

बंदेनवाजनं यावर खरोखर विचार केला. "न्हाय सर. चप्पल रबरी होती."

सरांनी हातातली छत्री झाडावर आपटली. छत्रीची एक काडी वाकली. बंदेनवाजनं ती काढून घेतली, पक्कडीनं सरळ केली आणि परत दिली.

"पुढची परीक्षा डिसेंबरात आहे," छत्री बगलेत मारत सर म्हणाले. "फॉर्म मी आणून देतो."

"बघू की," बंदेनवाज म्हणाला.

निकाल जूनमध्ये लागला. लेखी परीक्षेत तो वर्गात दुसरा आला, प्रात्यक्षिकात नापास. सरांनी फॉर्म नेऊन दिला, तो त्यानं भरला नाही; शाळेच्या खोल्या डिसेंबरपर्यंत थांबणार नव्हत्या. मैंदर्गीच्या पाच खोल्यांचं वायरिंग त्यानं जुलैअखेर पुरं केलं. टेस्ट रिपोर्टवर वायरमन म्हणून नाव आहे परमिटवाल्या प्रभु कोळी याचं. प्रभु त्या गावाला कधी गेलेला नाही.