पट्ट्यातून सुटकेचा कागद

शारजात मी पावाची व्हॅन चालवायचो, तेव्हा सीट बेल्टची सक्ती नवी नवी आली होती. अल मजाजमध्ये दर वीस पावलांवर किराणा दुकान. दिवसातून चारशे वेळा उतरायचो, आणि हे मी कमीच सांगतोय. दर वेळी पट्टा लावा, काढा, लावा, काढा. तसं करत बसलो असतो तर दुकानात पोचेपर्यंत पावाचे टोस्ट झाले असते!

अशात आमच्या ड्रायव्हर मंडळींत बातमी पसरली की डिलिव्हरीवाल्यांना सूट मिळते. कुणाला मिळाली, कुणालाच ठाऊक नव्हतं; खात्री मात्र सगळ्यांना. मला ती हवीच होती. दोनदा दंड झाला होता आणि आमच्या वसईकर मॅनेजरने बजावलं होतं, "तिसरी पावती आणलीस ना रे बाबा, तर व्हॅन दुसऱ्याला. तू परत भट्टीवर." आणि आमची भट्टी! तिच्यापुढे शारजाचा ऑगस्ट म्हणजे महाबळेश्वर.

मी तडक टायपिंग सेंटर गाठलं, सरकारी कामाचे कागद अरबीत करून देणारं दुकान. तिथल्या माणसाने सुटीचा झकास कागद टाइप करून दिला; मला अरबीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्यावर कंपनीचा शिक्का मारून घेतला आणि वर लॅमिनेशन. या देशात शिक्का दिसला की उंटसुद्धा बाजूला होतो, अशी माझी श्रद्धा. आठवडाभर मोकळ्या छातीने हिंडलो.

मग एका सकाळी पोलिसाने अडवलं. मी कागद असा पुढे केला, जणू राजवाड्याचं आमंत्रण. त्याने वाचला. पुन्हा वाचला. मिशी थरथरू लागली.

"ये तो अर्जी है," तो म्हणाला. "तुम हमारे ऑफिस से छूट माँगता है. ऑफिस में दिया?"

"नहीं, सर."

"जेब में रखा?"

"लॅमिनेट करके, सर."

तो इतका हसला की शेजारच्या खाडीवरचे सगळे पक्षी उडाले. मग हसू थांबवून त्याने पावतीपुस्तक काढलं. मला भट्टीची धग जाणवली.

"सर, हर बीस कदम पे दुकान है! आप खुद देखो."

"यल्ला, चलो. पट्टा लगाओ, मैं पीछे आता."

पट्टा अजून कारखान्याच्या प्लास्टिकमध्येच होता. नव्या गाडीचं प्लास्टिक आपल्यात कोण काढतं? त्यानेच ते टराटरा फाडलं.

पुढे मी, मागे पोलिसाची गाडी. मला अटक झाली समजून दुकानदार धावत आले आणि साहेबांच्या हाती चहा देऊ लागले. पट्टा काढ, पाव दे, चार शब्द बोल, पट्टा लाव. सहाव्या दुकानी साहेबांनी सहावा कप खाली ठेवला.

"हबीबी, खलास, बस हो गया. पट्टा दो सेकंद. बातें दस मिनट. छूट किसको चाहिए?"

मी खट्कन पट्टा लावला. त्याने पावतीपुस्तक खिशात टाकलं आणि पावती न फाडताच तो निघून गेला.

संध्याकाळी मॅनेजरने विचारलं, "आज पावती आणलीस काय रे?" म्हटलं, "छे! आज पोलीस बंदोबस्तात पाव वाटले." त्याला ते खोटं वाटलं, पण व्हॅन माझ्याकडेच राहिली.