केळीच्या पानांवर

लग्न होऊन मी थळच्या कोळीवाड्यात आले, त्याला वर्षही झालं नव्हतं. स्वातंत्र्य नवं होतं आणि गोळ्यांची औषधंही आमच्याकडे नवीच होती. शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा माझ्या बोटात घुसला आणि हात कोपरापर्यंत सुजला. अलिबागच्या डॉक्टरांनी सल्फाच्या गोळ्या दिल्या. सूज उतरली, घरात सगळ्यांना बरं वाटलं.

गोळ्या संपत आल्या तसा ताप भरला. डोळे लाल झाले, तोंड आतून इतकं सोलवटलं की पाण्याचा घोट गिळवेना. मग अंगभर तांबडे चट्टे उठले आणि त्यांचे फोड झाले. कूस बदलायला सासूबाईंनी हात घातला, तर पाठीची कातडी त्यांच्या तळहाताला चिकटून आली. त्या हलक्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "आता तुला धरू तरी कुठं गं, पोरी?"

शेजारणी म्हणाल्या, देवी आल्या. अलिबागचे डॉक्टर धावत आले आणि मला बघून खाटेजवळ खालीच बसले.

"देवी नाहीत या," ते म्हणाले. "माझी गोळी हिच्या अंगाला मानवली नाही. हिला मुंबईला न्यायला हवं. मीही येतो."

आमच्याच मचव्यातून आम्ही निघालो. डॉक्टर उन्हात बसले, मला शिडाच्या सावलीत ठेवलं.

मुंबईच्या इस्पितळात कातडीच्या रोगांचे डॉक्टर होते. चादर अंगाला चिकटायची, काढताना जीव जायचा. त्यांनी केळीची पानं मागवली. नवरा मचवा घेऊन थळला जायचा, वाडीतली कोवळी पानं आणायचा. सासूबाई ती पुसून, तेलाचा हात फिरवून माझ्याखाली सारायच्या. गार वाटायचं. माझ्या पापण्या एकमेकींना चिकटत; औषधाचे थेंब घालून सासूबाई त्या हळूच सुट्या करायच्या. मला दिसत नाही म्हणून मी रडले, की त्या वॉर्डात काय काय चाललंय ते सांगत बसायच्या. त्यातलं निम्मं त्या मनानंच रचायच्या, हे मला नंतर कळलं.

त्या डॉक्टरांनी माझ्या कातडीचा तिळाएवढा तुकडा तपासायला घेतला होता. मी उठून बसायला लागले, तेव्हा त्यांनी आम्हा दोघींना त्यांच्या खोलीत नेलं आणि सूक्ष्मदर्शकातून तो तुकडा दाखवला. सासूबाई डोळा लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"ही आमची सून?"

"तिच्या कातडीच्या पेशी," डॉक्टर हसले. "वरच्या थरातल्या मेल्या, म्हणून तो थर सुटून आला. पण खालचा भाग जिवंत होता. तिथूनच नवी कातडी भरून आली."

"पन गोळी तर समद्या लोकांना देता. हिलाच का झालं?"

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखालची काच हातात घेतली. "ते अजून आम्हाला माहीत नाही, आजी. तेच शोधतोय. हा तुकडा माझ्याकडे ठेवू का?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "पन हिला आमी घेऊन जातो."

घरी आले तेव्हा नखं गळलेली होती, अंगावर पांढरे-काळे डाग होते. बाजारात बायका टक लावून बघायच्या. सासूबाई पाटी खाली ठेवून त्यांना सगळी हकिगत पहिल्यापासून ऐकवायच्या, सल्फाचं नाव दोनदा घेऊन. पुढं मला मुलगी झाली. तिला पहिल्यांदा ताप आला, तेव्हा घरी आलेल्या अलिबागच्या डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी पेन खाली ठेवलं आणि सासूबाईंना विचारलं, "देऊ ना, आजी?"

"द्या," त्या म्हणाल्या. "पन आज हितंच बसा. च्या टाकते."

डॉक्टर बसले. दुसरा कप पिऊन होईपर्यंत माझी मुलगी त्यांच्या मांडीवर झोपून गेली होती.