भुरीचा डावा कान

गोदू मासळी घेताना कल्ला उघडून बघते. तेवढं तर दापोड्यातली प्रत्येक बाई बघते. गोदू कल्ल्यात बोट घालते आणि ते पदराला पुसते. पदरावर रक्तापेक्षा वेगळा रंग उतरला तर कल्ल्याला रंग लावलाय, असं तिचं म्हणणं. वीस वर्षांत वेगळा रंग एकदाही लागलेला नाही. पदर पुसणं सुटलेलं नाही.

मीटर वाचायला येणारा, दूधवाला, सख्खा जावई, सगळे तिच्या संशयातून गेले आहेत. फक्त करिष्मा सुटली. करिष्मा तिच्या भावाची मुलगी. तीन वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून आत्याच तिची आई. आता दोघी एकाच गोडाऊनमध्ये, एकाच टेबलावर काम करतात. चेहऱ्याला लावायच्या क्रीमच्या डब्या येतात, त्यांच्यावर लेबल चिकटवायचं आणि खोक्यात भरायच्या. जिथं हे टेबल आहे तिथं पूर्वी गोदूच्या बापाचं भाताचं खाचर होतं. पण ते ती कुणाला सांगत नाही.

पंधरा दिवसांवर करिष्माची हळद होती, तेव्हाची गोष्ट.

सुपरवायझर भाविकनं टेबलावरच्या अकरा बायकांना एकेक डबी दिली. नवी क्रीम, अजून बाजारात न आलेली. डबीवर सशाचं चित्र.

"पंधरा दिवस लावायची," भाविक म्हणाला. "फक्त डाव्या गालाला."

बायका खूश झाल्या. गोदूनं डबी उलटी केली, सुलटी केली, झाकणाचा वास घेतला.

"एकाच गालाला का?"

"मावशी, दुसऱ्या गालाशी कंपेअर करायला."

"आणि हा ससा कशाला?"

करिष्मानं वाचून दाखवलं. या क्रीमची प्राण्यांवर चाचणी केलेली नाही. सशांच्या डोळ्यांत औषधं घालतात, उंदरांची कातडी सोलवटतात, तसं ही कंपनी करत नाही.

"बरं करते. मंग कोनावर केली?"

"आता तुमच्यावर," भाविक म्हणाला आणि हसला. बायकाही हसल्या.

गोदू हसली नाही. भाविकच्या हातात फॉर्म होते. प्रत्येकीच्या नावापुढे 'त्रास नाही' या रकान्यात आधीच खूण केलेली होती. डब्या तर आत्ताच दिल्या होत्या. तिनं करिष्माला कोपर मारलं. करिष्मानं बघितलं आणि म्हटलं, "आत्या, वेळ वाचवायला करतात गं."

"हळद कधी हाय तुझी?"

"माहीत आहे तुला."

"तवर थांब."

"तवर थांबून काय करू? हळदीलाच तर चेहरा दिसायचाय."

शेवटी आठ दिवसांनी सुरू करते, असं करिष्मा कबूल झाली. एवढीच मुदत मिळाली.

गोदूच्या घरामागे भुरी नावाची शेळी बांधलेली असते. शेळीच्या कानाची आतली बाजू मऊ असते, केस नसलेली, माणसाच्या गालासारखी. गोदूनं सकाळ-संध्याकाळ बोटभर क्रीम भुरीच्या डाव्या कानात चोळली. उजवा तसाच ठेवला, कंपेअर करायला. भुरी मान झटकत होती. गोदूनं तिला दोन्ही गुडघ्यांत धरलं.

चौथ्या दिवशी डावा कान आतून लालभडक झाला. सहाव्या दिवशी त्याला पाणी सुटलं. भुरी कान खुंटावर घासत उभी राहायची, चारा तसाच पडलेला.

गोदू भाविककडे गेली. सगळं सांगितलं. भाविकनं आधी दार लावलं.

"मावशी, तुम्ही प्राण्यावर टेस्ट केली?"

"केली."

"डबीवर काय लिहिलंय, वाचलं ना? हे बाहेर कळलं तर ब्रँडचं नाव जाईल."

"कान गेला त्याचं काय?"

"शेळीचं आम्ही धरत नाही. शेळीवर करायचीच नव्हती."

त्यानं फॉर्म पुढे केला. गोदूनं सही केली नाही. विचार करून करा, पुढच्या महिन्यात टेबलावर बायका कमी करायच्या आहेत, असं तो म्हणाला. अगदी आवाज न चढवता.

संध्याकाळी तिनं करिष्माला शेळीपाशी नेलं.

"गोचीड चावली असेल," करिष्मा म्हणाली.

"एकाच कानात?"

"आत्या, तुला देवळातल्या प्रसादातही खोट दिसते. किती ऐकायचं मी तुझं? उद्यापासून लावणार मी."

 गोदूला पहिल्यांदाच कळलं की आपला शब्द या घरात झिजलाय. खरं बोलायची वेळ आली आणि तो कामाचा उरला नाही.

तिनं डबी आणली. करिष्मासमोर ओटीवर बसली, डबीत बोट बुडवलं आणि स्वतःच्या डाव्या गालाला लावलं. दाबून, चोळून.

"काय करतेस?"

"भुरीला इचारलं न्हवतं मी. मना कोनी इचारायची गरज न्हाय. तू तीन दिस थांब. माज्या गालाला काय न्हाय झालं तर खुशाल लाव."

तीन दिवस लागलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी गाल चुरचुरायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी कातडी सुटली होती. टेबलावर ती पदर ओढून बसली. करिष्मानं पदर बाजूला केला आणि बराच वेळ बघितलं. मग उठली, स्वतःची न उघडलेली डबी भाविकच्या टेबलावर ठेवली. तिथल्या फॉर्मवर आपल्या नावापुढची खूण खोडली. खाली आत्याचं नाव होतं, त्यापुढचीही खोडली आणि मोठ्या अक्षरांत 'त्रास आहे' असं लिहिलं. भाविक फॉर्म ओढायला लागला, तोवर तिनं मोबाईलवर फोटो काढला होता.

मग ती टेबलाभोवती फिरली. एकेकीला आत्याचा गाल दाखवला आणि डबी मागितली. सात डब्या आल्या. दोघी म्हणाल्या, आमच्या गालाला तर काही झालं नाही, आणि गोदूचं काय, तिला सगळ्यातच खोट दिसते.

हळदीला करिष्माचे दोन्ही गाल साफ होते. गोदूनं आपल्या गालाला हळद लावू दिली नाही.

डब्या न दिलेल्या त्या दोघींच्या डाव्या गालांकडे गोदू आता रोज बघते.